फिरत्या बिऱ्हाडाचा गॅस

मांजरसुंबा हे बीडपासून वीसेक किलोमीटरवरचे, बालाघाटच्या डोंगरमाथ्यावरचे गाव. धुळे–सोलापूर महामार्ग आणि अहिल्यानगरहून पाटोद्यामार्गे केज–अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे गाव लहान असले तरी त्याच्या चौकातून अर्धा महाराष्ट्र ये-जा करतो. लांब पल्ल्याचे ट्रक इथल्या धाब्यांवर थांबतात. कार्तिक पौर्णिमेला जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून पायी दिंड्या येतात. त्यांच्यामागे भांडीकुंडी व शिधा घेऊन टेम्पो चालतात. आणि दसरा उलटला, की दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे, ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर आणि ट्रक घाट उतरून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, थेट बेळगावपर्यंत निघतात.

या तिन्ही प्रवाहांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकाबरोबर एक चूल फिरते. मी शास्त्र शिकलेलो नाही आणि गॅसच्या धंद्यातही नाही. फिरस्त्यांच्या चुलींविषयी जे दिसेल ते टिपून ठेवायचे आणि त्यामागचे कारण पुस्तकांतून, नियमांतून, माहीतगारांकडून समजून घ्यायचे, हा माझा अनेक वर्षांचा उद्योग. त्यातून एक प्रश्न पुढे आला. दिसायला तो अगदी घरगुती आहे : ज्याचे घरच चालते आहे, त्याने गॅसची टाकी कोणती घ्यावी?

युरोपात हा प्रश्न हौशी लोकांचा आहे. तिथे मोटारीतच स्वयंपाकघर आणि बिछाना असलेली घरे घेऊन लोक देशोदेशी हिंडतात, आणि गॅसची कोणती सोय करावी यावर त्यांच्यात मोठा खल चालतो. आपल्याकडेही राज्य शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे अशा गाड्या हळूहळू रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. पण चाकांवरचा संसार महाराष्ट्राला काही नवा नाही. बीड जिल्ह्यातली कित्येक कुटुंबे वर्षाचे पाच-सहा महिने घराबाहेर, फडाशेजारच्या कोपीत काढतात. गाडीतल्या घराचा आणि कोपीचा गॅसबाबतचा पेच मुळात एकच आहे, म्हणून तो एकत्रच समजून घ्यावा असे मला वाटते.

टाकीत नेमके काय असते

टाकीत गॅस असतो असे आपण म्हणतो, पण खरे तर द्रव असतो. प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली ठेवले की पातळ होतात. द्रवाचा वायू झाला की त्याचे आकारमान साधारण अडीचशे पट होते. एवढी ऊर्जा एवढ्याशा भांड्यात मावते ती यामुळेच. एक किलो गॅसमध्ये सुमारे अकरा हजार किलोकॅलरी उष्णता असते.

नॉब फिरवला की वरचा वायू बाहेर पडतो, टाकीतला दाब किंचित उतरतो आणि खालचा द्रव उकळून ती जागा भरून काढतो. हे उकळणे आपल्याला दिसत नाही, पण टाकी हाताला गार लागते ती त्यामुळे. उकळायला लागणारी उष्णता द्रव स्वतःतून आणि टाकीच्या पत्र्यावाटे बाहेरच्या हवेतून घेत असतो. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन जवळजवळ शून्याला. म्हणजे बर्फाळ देशात ब्युटेनची टाकी पहाटे मुकी होते आणि प्रोपेनची चालू राहते. युरोपातल्या हिवाळी प्रवाशाला प्रोपेन घ्यायला सांगतात ते म्हणूनच.

आपल्या घरगुती गॅसमध्ये दोन्हींचे मिश्रण असते. प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाशी ब्युटेन जास्त उरतो. डिसेंबरच्या पहाटे, टाकी संपत आलेली असताना, जाळ मंद का होतो याचे उत्तर इथे आहे. टाकी जितकी लहान, तितका तिचा हवेला लागणारा पृष्ठभाग कमी आणि ती लवकर गारठते. पाच किलोच्या टाकीवर भट्टीचा मोठा बर्नर लावला तर बाहेरून दव धरते आणि जाळ बसतो. टाकी लहान असेल तर बर्नरही बेताचा हवा. जाळ बसला म्हणून टाकी चुलीजवळ सरकवणे किंवा उकळत्या पाण्यात ठेवणे हा उपाय नव्हे. ते संकटाला बोलावणे आहे.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. १४.२ किलोच्या घरगुती टाकीत ३३.३ लिटर पाणी मावते. गॅस मात्र साधारण चार-पंचमांश उंचीइतकाच भरतात, वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. द्रव गॅस उष्णतेने फार फुगतो. पंधरा अंशांवरून पन्नास अंशांवर गेला तर त्याचे आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि मराठवाड्यातल्या उन्हात बंद गाडीत पन्नास अंश ही काही अचंब्याची गोष्ट नाही. वरची जागा शिल्लक नसेल तर फुगणारा द्रव थेट पोलादाला ताण देतो. म्हणून टाकी भरण्याच्या कोणत्याही पद्धतीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा, की कुठे थांबायचे हे कोण ठरवते.

बाहेरच्यांनी काढलेली वाट

युरोपातल्या फिरत्या घरवाल्यांपुढे दोन मार्ग असतात. एक, रिकामी टाकी देऊन भरलेली घेणे. यात अडचण अशी की प्रत्येक देशाच्या, प्रत्येक कंपनीच्या टाक्या वेगळ्या आणि तोंडेही वेगळी. फ्रान्समध्ये घेतलेली टाकी स्पेनमध्ये कोणी बदलून देत नाही. दुसरा मार्ग, टाकी गाडीतच कायमची बसवणे आणि गाड्यांसाठी गॅस विकणाऱ्या पंपावर ती स्वतः भरून घेणे. या टाकीच्या तोंडात तरंगत्या गोळ्यावर चालणारी झडप असते. टाकी ऐंशी टक्के भरली की ती आपोआप बंद होते. भरण्याचे तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला असते आणि देशोदेशीच्या पंपांसाठी चार प्रकारचे जोड जवळ ठेवावे लागतात. सुरुवातीचा खर्च मोठा, पण पुढे अर्धी संपलेली टाकीही केव्हाही भरून घेता येते आणि उरलेला गॅस परत देऊन तोटा सोसावा लागत नाही.

हे ऐकून आपल्याकडच्या कॅरव्हॅनवाल्याला वाटेल, इथेही रिक्षांना गॅस देणारे पंप आहेतच, मग तेच करू. आपल्याकडे २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि गाडी गॅसवर चालवणे रीतसर झाले. पण ती मुभा गाडीच्या इंजिनासाठी पक्क्या बसवलेल्या, मंजूर टाकीपुरती आहे. सुटी टाकी पंपावर नेऊन भरून घेता येत नाही. आपल्याकडचा कायदेशीर मार्ग उरतो तो बदलून घेण्याचाच. मात्र त्यातही निवड करण्याजोगे पुष्कळ आहे.

आपल्याकडचे पर्याय

पहिला पर्याय घरचीच टाकी गाडीत चढवण्याचा. टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये गाठोड्यांच्या मधोमध लाल टाकी उभी केलेली मी अनेकदा पाहिली आहे. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास जाते. ती महिना-सव्वा महिना पुरते. मग प्रश्न येतो. जोडणी असते गावाकडच्या एजन्सीची, नोंदणी तिथली, पुस्तक तिथले, आणि कोपी असते तीनशे किलोमीटरवर. जवळपासच्या दुसऱ्या वितरकाकडे वळण्याची सोय आहे, पण ती एकाच भागापुरती. परजिल्ह्यात, परराज्यात ती कामाला येत नाही. दुसऱ्या महिन्यापासून ती टाकी कोपीच्या कोपऱ्यात रिकामी बसते, नाहीतर काळ्या बाजाराच्या दराने भरून येते.

दुसरा पर्याय पाच किलोच्या खुल्या विक्रीच्या टाकीचा. सरकारी तेल कंपन्यांनी २०१३ साली ही योजना आणली ती मुख्यतः शहरांत आलेले विद्यार्थी, मजूर आणि बदलीवरचे नोकरदार यांच्यासाठी. इंडियन ऑइलची टाकी पुढे ‘छोटू’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. निवडक पेट्रोल पंपांवर, वितरकांकडे आणि काही किराणा दुकानांत ती मिळते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या विक्रेत्याकडे रिकामी देऊन भरलेली घेता येते. नको झाली तर कंपनी ठरावीक रकमेला परत घेते. वजन बारा-तेरा किलो, म्हणजे बाई एका हाताने उचलून नेऊ शकते. उणी बाजू अशी की हिला अनुदान नाही आणि किलोमागे दर घरगुती टाकीपेक्षा चढा पडतो.

तिसरा पर्याय संमिश्र टाकीचा. आत प्लास्टिकचे अस्तर, त्यावर काचतंतूंचे वेष्टन, वरून प्लास्टिकचे कवच. ती पाच आणि दहा किलोंत मिळते. पोलादी टाकीच्या मानाने वजन जवळजवळ निम्मे, गंजत नाही आणि कवचातून आतली पातळी दिसते. गाडीतल्या घराला याहून सोयीची टाकी नाही. पण अनामत जास्त आणि ती सगळीकडे मिळत नाही. निघण्याआधी वाटेवरच्या मोठ्या गावांतल्या वितरकांकडे चौकशी करूनच घ्यावी.

चौथा पर्याय १९ किलोच्या व्यावसायिक टाकीचा. दिंडीच्या टेम्पोला, शंभर-दोनशे माणसांच्या पंगतीला हीच योग्य. घरगुती टाकी अशा कामाला वापरणे नियमात बसत नाही, आणि मोठ्या बर्नरला लागणारा गॅस लहान टाकी देऊही शकत नाही.

पाचवा प्रकार पर्याय म्हणून सांगायचा नसून ओळखता यावा म्हणून सांगायचा. बाजारपेठेच्या प्रत्येक गावात दोन-तीन किलोच्या सुट्या टाक्या किलोच्या भावाने भरून देणारे असतात. घरगुती टाकी उलटी टांगायची आणि नळीने किंवा पंपाने गॅस लहान टाकीत उतरवायचा. २००० सालच्या पुरवठा व वितरण नियमन आदेशानुसार हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी वर विचारलेला प्रश्न उरतोच : कुठे थांबायचे हे कोण ठरवते? इथे ना वजनकाटा, ना तरंगती झडप, ना तपासणीची तारीख. हाताच्या अंदाजाने गळ्यापर्यंत भरलेली टाकी संध्याकाळी गार असते तोवर गप्प राहते, दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात तिचे काय होईल याचा भरवसा नसतो. तरीही लोक तिथे जातात, कारण त्याच्याकडे पन्नास-शंभर रुपयांचा गॅस मिळतो. रोजच्या पैशावर जगणाऱ्याला पूर्ण टाकीची रक्कम एकदम काढणे जड जाते. हे कारण समजून न घेता नुसते धाडी घालून हा धंदा थांबणार नाही.

पाटीवरचा हिशोब

निवड करताना हिशोब साधा ठेवावा. दोन किलोवॉटची मध्यम शेगडी पूर्ण जाळावर तासाला सुमारे १६० ग्रॅम गॅस खाते. म्हणजे पाच किलोत तीस-बत्तीस तास. चार-पाच माणसांचे दोन वेळचे जेवण आणि चहा धरून रोज अडीच तास शेगडी चालली, तर लहान टाकी बारा-तेरा दिवस जाते. पाच महिन्यांच्या हंगामाला अशा बारा टाक्या लागतील. दोन ठेवल्या तर एक वापरात आणि एक शिल्लक, म्हणजे विक्रेत्याकडे जायला दहा-बारा दिवसांची सवड राहते. एकच ठेवली तर ती नेमकी पहाटे तीनला संपते.

अंघोळीचे पाणी गॅसवर तापवायचे ठरवले तर हा हिशोब कोलमडतो. टोळीतल्या बायका गॅस असूनही पाण्यासाठी तीन दगडांची चूल पेटवतात. तो अडाणीपणा नाही, चोख अर्थशास्त्र आहे. भाकरीचे मात्र वेगळे. भाकरी गॅसवर होते. पण वीस-पंचवीस भाकरी थापायच्या तर रुंद तवा हवा आणि शेगडी रुंद पायांची, जमिनीवर पक्की बसणारी हवी. गाडीतल्या घरांसाठी विकल्या जाणाऱ्या नाजूक शेगड्या भाकरीच्या तव्याखाली डुगडुगतात.

ठेवायची कुठे

गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. त्याला वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या एथिल मरकॅप्टनचा. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असले की ठिणगीने पेट घेतो.

गाडीतल्या घरात म्हणूनच टाकीचा कप्पा वेगळा असावा. आतल्या खोलीशी त्याचा संबंध नसावा, दार बाहेरून उघडावे आणि कप्प्याच्या तळाला भोके असावीत, म्हणजे गळालेला गॅस खाली रस्त्यावर निघून जाईल. टाकी उभीच बांधावी. आडवी पडली तर वायूऐवजी द्रव नळीत शिरतो. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद असावा. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडीवर ऊब घेऊ नये, कारण अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि झोपेतल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

कोपीला कप्पा नसतो. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री किंवा उसाचे पाचट, खाली जमीन. आजूबाजूला फडातले सुके पाचट पसरलेले. अशा ठिकाणी उघडी चूल धोक्याची आणि गॅसही धोक्याचा, पण धोक्याची जात वेगळी. चुलीची ठिणगी वाऱ्याने उडते, ती कोणाच्या हातात नसते. गॅसचा धोका बराचसा हातात असतो. शेगडी कोपीच्या तोंडाशी, टाकी कुडाच्या बाहेर सावलीत, भोवतालचे पाचट चार पावले झाडून काढलेले, आणि काम झाले की नॉब नव्हे तर रेग्युलेटर बंद. नळी आयएसआय छापाची, दीड मीटरच्या आत, आणि पाच वर्षांनी बदललेली. गळती पाहायची तर साबणाच्या पाण्याने, काडीने कधीच नाही. आई-बाप फडात असताना कोपीत लहान मुलेच असतात, हे ध्यानात घेऊन रेग्युलेटर काढून टोपी लावून जावे.

टाकी घेताना गळ्याजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात ते वाचावेत. इंग्रजी ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे सालाचे. ‘बी-२८’ म्हणजे २०२८ च्या जूनअखेर त्या टाकीची पुढची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी घेऊ नये. रिकाम्या टाकीचे वजनही तिथेच कोरलेले असते. भरलेल्या वजनातून ते वजा केले की आत किती गॅस आहे ते कळते. वजन करून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

जोडणी कोणाची

इथवरचा भाग वस्तूंचा झाला. खरा पेच वस्तूत नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. आज तिच्या जोडण्या देशभरात दहा कोटींहून अधिक आहेत आणि त्या घरातल्या बाईच्या नावे आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरा टप्पा आला तेव्हा स्थलांतरितांना शिधापत्रिका आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल अशी सवलत मिळाली. लाभार्थी बाईला चौदा किलोऐवजी पाच किलोची टाकीही निवडता येते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून अनुदान मोठ्या टाकीमागे तीनशे रुपये झाले, लहान टाकीला त्या प्रमाणात.

कागदावर सगळे आहे. पण जोडणी बाईच्या नावे असली तरी ती घराला बांधलेली राहते, बाईला नाही. उसाच्या हंगामात बीड जिल्ह्यातल्या कुलूपबंद घरांत अनुदानाच्या टाक्या बसून असतात आणि त्यांच्या मालकिणी परजिल्ह्यात पहाटे तीनला उठून सरपण शोधतात. तिथे अनुदानाविना खुली टाकी घ्यायची ऐपत नाही आणि अनुदानाची टाकी तिथे चालत नाही. घरातल्या चुलीच्या धुराने जगभर वर्षाकाठी तीस लाखांच्या आसपास माणसे अकाली मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातला मोठा वाटा चुलीपुढे बसणाऱ्या बायकांचा आणि त्यांच्या जवळच्या लहान मुलांचा. कोपी तर बुटकी आणि बिनखिडकीची.

मला जे उत्तर दिसते ते साधे आहे. हंगामापुरते अनुदान टाकीबरोबर फिरू द्यावे. उज्ज्वलेच्या ग्राहकाने खुल्या विक्रीची पाच किलोची टाकी कुठल्याही जिल्ह्यात घेतली, तरी ती तिच्याच खात्यावर मोजली जावी. कारखान्यांच्या आवारात किंवा जवळपास पेट्रोल पंप असतात, तिथे हंगामात लहान टाक्या ठेवाव्यात. मुकादम उचल देताना कोयत्यामागे दोन टाक्यांचा विचार व्हावा, मात्र त्या बाईच्या नावावर, मुकादमाच्या वहीत नव्हे. नाहीतर कर्जात आणखी एक ओळ वाढेल.

तोवर ज्याला निवडच करायची आहे त्याने क्रम असा धरावा. आधी विचारावे की जिथे जायचे तिथे कोणत्या कंपनीची टाकी बदलून मिळते. मग पाहावे की उचलणार कोण. मग ठरवावे की ठेवणार कुठे. दर सगळ्यात शेवटी. हौशी गाडीवाल्याला दहा किलोची संमिश्र टाकी आणि जोडीला पाच किलोची एक पुरेल. दिंडीच्या टेम्पोला व्यावसायिक टाकी. ट्रकच्या चालकाला आणि टोळीतल्या कुटुंबाला पाच किलोच्या दोन टाक्या, एकाच कंपनीच्या, कारण कंपनी बदलली की बदलून देणारा विक्रेताही बदलतो. विमल दादासाहेब मोरे यांनी आपल्या आत्मकथनाला ‘तीन दगडांची चूल’ हे नाव दिले. ती चूल कुठेही मांडता येते, तिला पत्ता लागत नाही. गॅसला ते अजून जमलेले नाही. टाकी हलकी झाली, पारदर्शक झाली, आता ती पत्त्यावाचूनही अनुदानाची व्हायला हवी.